सोमवारी न लागणारी धाप

गुरुलिंग अडत्याचा आवाज धर्माबादच्या मोंढ्यातून थेट स्टेशनपर्यंत जातो, असं हमाल म्हणायचे. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. संक्रांत झाली की मोंढ्यात मिरचीशिवाय दुसरं काही दिसत नसे. त्या लाल ढिगांतून वाट काढत गुरुलिंग फिरे. निजामाबादकडून आलेल्या शेतकऱ्याला तेलुगूत झापे, हमालाला दखनीत, आणि शेजारच्या अडत्याशी जुंपली की मराठीत, कारण शिव्यांचा खरा साठा त्याच्याकडे मराठीत होता. परगावचा माणूस कमानीतून आत आला की आधी शिंकायचा, मग खोकायचा, मग डोळे पुसत विचारायचा की इथली माणसं जगतात तरी कशी. गुरुलिंग त्याच हवेत दिवसभर ओरडायचा आणि त्याला साधी उबळ येत नसे.

तरी हा माणूस दमेकरी होता. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं आणि अख्खं गाव त्याच्या आईची कीव करायचं.

संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून तो घराच्या पायरीशी आला की त्याचा आवाज पहिल्यांदा बसे. चप्पल काढेपर्यंत खांदे उतरत. आत शरणम्मा, म्हणजे त्याची आई, चुलीपुढून विचारी, "आलास का गुरू?" त्यावर "हं" एवढंच उत्तर. त्या घरात "हं" हा शब्द त्याने इतका वापरला होता की दुसऱ्या शब्दांना गंज चढला असावा. जेवताना आई वाढेल ते तो खाई, सांगेल ते ऐके, आणि आठवड्यातून दोन-चारदा छातीवर हात दाबून भिंतीला टेकून बसे. गळ्यातून शिट्टी वाजे, ओठ निळे पडत, डोळे बाहेर येत. मग शरणम्मा हातातलं टाकून धावे. अडुळशाचा रस, आल्याचं चाटण, धोत्र्याच्या वाळल्या पानांचा धूर, सगळं झालं. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि "दमा दम के साथ जाता है" असं म्हणून हात झटकले.

ढोंग म्हणावं, तर ते ढोंग नव्हतं. निळे ओठ कोणाला आणता येत नाहीत. पण ही धाप त्याच्या छातीत कुठून येऊन बसली ते त्याला चांगलं माहीत होतं आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्याचा बाप गुरुपादप्पा पटकीने गेला तेव्हा गुरुलिंग लहान होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पाला बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, जणू आता उठून दुकानात जाणार. पोराला ते बसणं पाहूनच हुंदका आला. ओसरीवर भाऊबंद बसले होते आणि त्यांचे डोळे अप्पावर कमी, दुकानाच्या किल्ल्यांवर जास्त होते. शरणम्माने पोराच्या तोंडावर हात दाबला आणि कानात म्हणाली, "रडू नकोस. ते बघून राहिलेत. रडलास की दुकान गेलं म्हण." पोराने हुंदका गिळला. त्याच दुपारी त्याला पहिली धाप लागली.

बाई खोटं बोलली नव्हती. भाऊबंद खरोखरच टपलेले होते. तिने पडद्याआड बसून दुकान चालवलं, एकेकाला दारातून परत लावलं आणि पोराला मोठं केलं. तिच्या जागी दुसरी असती तर चूल विझली असती. पण तोंडावरून हात काढायचा असतो, हे ती विसरली. धाप लागली म्हणून ती पोराच्या शेजारी झोपू लागली, त्याच्या छातीवर तळवा ठेवून, श्वास मोजत. पोरगं मोठं झालं, मिसरूड फुटली, मोंढ्यात त्याला लोक घाबरू लागले, तरी तळवा तिथंच राहिला.

पोरही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. धापेचे फायदे त्याला लवकर कळले. मास्तरांनी छडी उचलली की धाप, मठात पाठांतर म्हणून दाखवायची वेळ आली की धाप. पुढे पुढे ती बोलावल्याशिवाय येऊ लागली. आईला "नाही" म्हणायचं नुसतं मनात आलं, तरी छातीत दार लागायचं. म्हणून त्याने "नाही" म्हणणं सोडून दिलं, आणि त्याची सगळी वसुली मोंढ्यात गरीब हमालांकडून केली. अशा माणसाची कीव करावी की त्याला कानफटात द्यावी, हे ठरवणं कठीण आहे. दोन्ही करावंसं वाटतं.

त्याचं लग्न उशिरा झालं. तिकडे लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, हैदराबादेत निजाम हुजुरांचं राज्य अजून ताठ उभं होतं. मुलगी औशाची, किल्ल्याच्या बाजूला तिच्या वडिलांचं किराणा दुकान. नाव उमा. सासरी ती उमाबाई झाली, पण स्वभाव काही बदलला नाही. मनात येईल ते ओठांवर येई, आणि ओठांवर आलेलं परत आत जात नसे. धर्माबादेत उतरल्यापासून ती शिंकत होती. गुरुलिंगच्या कपड्यांतून मिरचीची भुकटी घरभर झडे. ती कपडे धुवायला घेताना नाकावर पदर धरी. शरणम्माने ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि धोंडाबाईला, म्हणजे शेजारणीला, सांगितलं की सून नवऱ्याच्या अंगाच्या वासाला नाक मुरडते.

तिथून दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच. एकीने मीठ घातलं की दुसरीने चव घेऊन परत घालायचं. एकीने अंगण झाडलं की दुसरीने तेच पुन्हा झाडायचं. शरणम्मा सुनेशी थेट बोलत नसे, भांड्यांशी बोले, आणि भांडी ती आपटून बोलत असे. उमाबाईही भांड्यांमार्फतच उत्तर देई. गुरुलिंग दोघींच्या मध्ये पाटावर बसून भाकरी मोडत राही.

पण खरं दुखणं निराळंच होतं. लग्न झालं तरी शरणम्माचं अंथरूण हललं नाही. धाप लागली तर कोण बघणार, नवी पोर काय बघणार, असं म्हणून ती लेकाच्या शेजारीच झोपत राहिली, छातीवर तळवा ठेवून. उमाबाईचं अंथरूण चुलीच्या खोलीत. वर्ष गेलं, दुसरं सरलं. गावातल्या बायका तिच्या पोटाकडे बघून विचारू लागल्या. शरणम्माही विचारू लागली, आणि तेव्हा उमाबाईने पितळी इतक्या जोरात ठेवली की तिला पोचा पडला.

सोमवारी मात्र शरणम्मा मठात जाई. शंकराचा वार, भजन, प्रसाद, स्वामींच्या पाया पडणं, परत यायला दुपार कलायची. गुरुलिंग त्या दिवशी दुकान गुमास्त्यावर सोपवून काही निमित्ताने घरी येई आणि चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसे. आणि तिथं हा "हं"वाला माणूस बोलायचा. मोंढ्यातल्या नकला करायचा, तेलुगू म्हाताऱ्याची घासाघीस करून दाखवायचा, कधी अप्पाच्या आठवणी सांगायचा. उमाबाई भाकरी थापता थापता हसायची. एका सोमवारी ती थांबली आणि म्हणाली, "एक सांगू का? सोमवारी तुम्हाला कधीच धाप लागत न्हाई."

गुरुलिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपली चोरी पकडली जाणार हे त्याला माहीत होतं, फक्त इतक्या साध्या आवाजात पकडली जाईल असं वाटलं नव्हतं. त्याने उगाच इकडेतिकडे पाहिलं. मग खाली मान घालून तिला सगळं सांगितलं, अप्पाचं बसणं, तोंडावरचा हात, गिळलेला हुंदका, सगळं. एकदाही श्वास अडला नाही. शेवटी त्याने तिला विभूतीची शपथ घातली, की हे कोणापाशी बोलायचं नाही. लोक काय म्हणतील, मोंढ्यातला वाघ आईला भिऊन धापा टाकतो. उमाबाईने शपथ घेतली, पण बदल्यात एक मागितलं. तुमच्या अव्वाला सांगा, तुझं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाक. एवढंच सांगा. मी भांडणार न्हाई, मी बोलणार न्हाई, तुम्ही बोला.

तो हो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने आईकडे पाहिलं. उमाबाई आतल्या दारात उभी राहिली, चौकट धरून, त्याच्याकडे टक लावून. आता बोलतील, आता बोलतील, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. त्याने तोंड उघडलं, "अव्वा" एवढं म्हणाला आणि छातीत दार लागलं. शिट्टी, निळे ओठ, भिंत. शरणम्मा धावली. लेकाची छाती चोळता चोळता तिने मान वर केली आणि दारातल्या सुनेचे डोळे पाहिले.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. आठवड्याने पुन्हा. दर वेळी त्याने हिंमत बांधावी, तिने दारात येऊन उभं राहावं आणि धाप लागावी. शरणम्मा मूर्ख नव्हती. तिने जे पाहिलं ते खरंच होतं. सून दारात उभी राहते, लेकाकडे टक लावून बघते आणि लेकाचा श्वास बंद पडतो. यावरून जे निघायचं ते तिने काढलं, आणि धोंडाबाईला बोलावून घेतलं.

दृष्ट काढायची ठरली. पाटावर गुरुलिंगला बसवलं. शरणम्माने मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, त्याच्यावरून उतरवल्या, आल्यागेल्याची, पापिणीची, वांझोटीची असं पुटपुटत, आणि वांझोटी म्हणताना आवाज जरा चढवला. मग मूठ निखाऱ्यावर टाकली. आता दृष्टीचा न्याय सगळ्यांना ठाऊक असतो. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर काही नव्हतं. ठसका लागला नाही, तर दृष्ट होती, आणि जबरी होती.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर आढ्याला लागला. शरणम्मा खोकली नाही. धोंडाबाई खोकली नाही. गुरुलिंगही शांत बसून राहिला. खोकतील कसे? ज्या गावात बायका सकाळपासून ढिगात बसून मिरचीचे देठ खुडतात, पोरं पोत्यांवर झोपतात आणि पाण्यालाही मिरचीचा वास येतो, त्या गावात मूठभर मिरच्यांनी कोणाचा घसा खवळणार? धर्माबादेत आजवर निघालेली प्रत्येक दृष्ट जबरीच निघाली होती. पण ही गोष्ट धर्माबादच्या माणसाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. त्यासाठी परगावचं नाक हवं.

ते नाक घरात होतं. चुलीच्या खोलीत उमाबाई ठसक्याने वाकली. डोळ्यांतून, नाकातून पाणी, पदर तोंडात कोंबला तरी खोकला थांबेना. धोंडाबाईने शरणम्माकडे पाहिलं. शरणम्मा म्हणाली, "कोणाला झोंबल्या ते दिसलं ना? ज्याची नजर, त्यालाच झोंबतात." म्हणजे घरच्यांना ठसका लागला नाही हा एक पुरावा, आणि सुनेला लागला हा दुसरा. उमाबाई कशीही वागली असती तरी सुटली नसती. तिने खोकत खोकत सांगायचा प्रयत्न केला की मला पहिल्या दिवसापासूनच मिरची सोसत न्हाई, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. गुरुलिंगने ऐकलं. तो पाटावर बसला होता आणि निखाऱ्याकडे बघत होता.

औशाला तिच्या भावाला सांगावा गेला, तुमची बहीण घेऊन जा. कायमची, हे सांगाव्यात नव्हतं, पण ते न सांगताही कळतं. नजर लावणारी म्हणून परत पाठवलेल्या बाईला माहेरात कोपराही मुश्किलीने मिळतो, आणि दुसरं दार तिला उघडत नाही. उमाबाईला हे माहीत होतं. पुढच्या सोमवारी ती उंबऱ्याशी नवऱ्यासमोर बसली आणि एकच सांगितलं, की माझा भाऊ येईल तेव्हा त्याच्यापुढे तुम्ही फक्त "राहू द्या" म्हणा. आणखी एक शब्दही नको. त्याने मान डोलावली. सोमवार होता, म्हणून त्याला तेव्हा "राहू द्या, राहू द्या" असं दोनदा म्हणूनही दाखवता आलं.

तिचा भाऊ रेवणप्पा सकाळच्या गाडीने आला. मोजकं बोलणारा, गंभीर माणूस. त्याने पाणीही न पिता सगळं ऐकून घेतलं. शरणम्माने सगळं सांगितलं, धोंडाबाईने साक्ष दिली, मिरच्यांचंही सांगून झालं. उमाबाई ट्रंकेपाशी दारात उभी होती. ट्रंक सासूनेच भरून ठेवली होती. रेवणप्पा मेव्हण्याकडे वळला.

"दाजी, बायांचं ऐकलं मी. आता तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही राहू द्या म्हणलात तर मी आल्या पावली परत जातो."

सगळे त्याच्याकडे बघत होते. उमाबाई तर बघतच होती. गुरुलिंगने शब्द जिभेवर आणले. ते खरंच जिभेवर होते, दातांमागे, त्याला त्यांची चव लागत होती. "रा" एवढं बाहेर आलं आणि छातीत दार धाडकन लागलं. तो भिंतीवर कलंडला. शिट्टी ओसरीपर्यंत ऐकू येऊ लागली. शरणम्मा त्याला मांडीवर घेऊन छाती चोळू लागली आणि रेवणप्पाला म्हणाली, "बघून घ्या. आत्ता बी ती दारातच उभी हाय."

तेव्हा उमाबाईची शपथ संपली. ती आरडाओरडा न करता पुढे आली आणि सासूच्या समोर बसली.

"माझ्या नजरेनं न्हाई लागत ह्यांना धाप. तुम्हाला न्हाई म्हणायचं मनात आलं की लागते. अप्पा गेले तवा तुम्ही ह्यांच्या तोंडावर हात धरला, तवापासून लागून राहिली. तुम्ही मठात गेल्या की ह्यांना धाप न्हाई. मोंढ्यात न्हाई. ह्यांनीच सांगितलंय मला. विचारा."

शरणम्माचा हात लेकाच्या छातीवर होता तसाच थांबला. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. कदाचित तिला अप्पाचं बसणं आठवलं असेल, कदाचित स्वतःचा हात. मग तिने लेकाच्या तोंडाकडे वाकून हळू विचारलं, "गुरू, हे खरं हाय?"

आणि इथे जे घडलं ते गुरुलिंगशिवाय कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्याची छाती मोकळी झाली. जे वीस-पंचवीस वर्षं आत कोंडून होतं ते दुसऱ्याने बोलून टाकलं होतं, आणि आत आता अडायला काही उरलंच नव्हतं. श्वास थेट पोटापर्यंत गेला, गार, गोड. शिट्टी थांबली. आईच्या समोर, आईच्या मांडीवर, त्याला पहिल्यांदाच काय वाटेल ते बोलता येणार होतं. "हाव", म्हणजे हो, म्हणता येणार होतं. एकच शब्द. त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, रेवणप्पाकडे पाहिलं, तोंडाला पदर लावून बसलेल्या धोंडाबाईकडे पाहिलं. ही बाई संध्याकाळपर्यंत सगळ्या मोंढ्यात सांगेल, हे त्याला दिसलं.

"खोटं बोलती ती," तो म्हणाला.

स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला. मोंढ्यात म्हणाला असता तसा. त्या घरात त्याने आईसमोर न अडखळता बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

शरणम्माने त्याच्या छातीवर कान ठेवला, ऐकलं, आणि डोळे पुसत रेवणप्पाला म्हणाली, "ऐका. ती जायची ठरली, तर पोरगं मोकळं झालं."

रेवणप्पा उठला. त्याला काय समजलं आणि काय नाही ते कळायला मार्ग नव्हता, त्याने ट्रंक उचलली आणि टांग्यात नेऊन ठेवली. उमाबाई उंबऱ्यापाशी थांबली. ती रडत नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, अगदी तसंच, टक लावून, आणि थोडा वेळ वाट पाहिली. गुरुलिंगला काही झालं नाही. धाप लागली असती तर बरं झालं असतं असं त्याच्या मनात आलं, पण छाती भात्यासारखी चालत होती.

"घ्या आता," ती म्हणाली. "पोटभर घ्या."

टांगा स्टेशनाकडे वळला. गुरुलिंगने श्वास घेतला.